आबा, त्या वाघिणी टाकून दिलेल्या नाहीत

नेब्रास्का, अमेरिका

ती. आबांना साष्टांग नमस्कार,

इकडं सगळं ठीक आहे. फोटो बघून तुम्ही विचारलंत, एवढ्या रिकाम्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, गवतात उभ्या कशाला, भंगारात का देत नाहीत? उद्यमनगरात भट्टी चालवलेल्या माणसाला एवढं लोखंड नुसतं उभं दिसलं की प्रश्न पडणारच. पण आबा, त्या प्रत्येक वाघिणीचं कोणीतरी रोज भाडं भरतंय.

आपल्याकडं वाघिणी बहुतेक रेल्वेच्याच. इथं निम्म्याहून कितीतरी जास्त वाघिणी भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या, नाहीतर माल पाठवणाऱ्या कारखान्यांच्या. टाकीच्या तर जवळजवळ सगळ्याच. काम थांबलं की मोठी रेल्वे कंपनी आपल्या यार्डात त्यांना फार दिवस थारा देत नाही. मग मालक एखाद्या छोट्या रेल्वे कंपनीची मोकळी सायडिंग, म्हणजे बाजूचा रूळ, भाड्यानं धरतो. वाघिणीमागं दिवसाला साधारण ३ ते १० डॉलर, आत घालायचे आणि बाहेर काढायचे पैसे वेगळे. ६० फुटी वाघीण धरली तर मैलभर रुळावर ८५ च्या आसपास बसतात. ५ डॉलरच्या दरानं एकीचे वर्षाला १८२५ डॉलर होतात, आणि नवी घ्यायची तर लाख डॉलरच्या घरात. त्यामुळं चार वर्षं थांबणं परवडतं. त्यात मंदीत भंगाराचा भावही पडलेला असतो, ते तुम्हाला मी काय सांगणार. २०२० च्या उन्हाळ्यात ५ लाखांहून जास्त वाघिणी अशा उभ्या होत्या, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा.

काही नुसत्या हंगामाच्या असतात. गळीत हंगाम संपला की आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहतात, तशा धान्याच्या आणि खताच्या वाघिणी. त्या सुगीला पुन्हा निघतात. खरी अडचण एकाच मालासाठी बांधलेल्यांची.

फोटोतल्या बुटक्या, झाकणाच्या वाघिणी बघा. तेलविहिरीत दाबानं सोडायची वाळू न्यायला त्या बांधल्या. पोटात जागा ३२५० घनफूट. वाळू एवढी जड की वाघीण भरायच्या आधीच वजनाची मर्यादा गाठते. २०१४ च्या अखेरीस तेलाचा भाव कोसळला, पुढं टेक्सासात विहिरींजवळच वाळू काढायला लागले, आणि विस्कॉन्सिनहून रेल्वेनं आणायची गरज घटली. मग त्यात मका का भरत नाहीत? मका घनफुटाला ४५ पौंड, म्हणजे काठोकाठ भरूनही ६६ टनच. वाघीण सुमारे १०० टन पेलते. भाडं पूर्ण वाघिणीचं जातं आणि माल दोन तृतीयांश. धान्याच्या वाघिणी म्हणूनच ५००० घनफुटांच्या वर असतात.

कोळशाच्या त्याहून अडकलेल्या. २००८ मध्ये अमेरिकेची जवळपास निम्मी वीज कोळशावर होती, २०२३ मध्ये १६ टक्के. त्यातल्या पुष्कळ वाघिणींना खाली दार नसतं. एका टोकाचा कपलर, म्हणजे वाघिणी जोडायचा आकडा, फिरता असतो, म्हणजे गाडी न सोडता वाघीण पालथी करता येते. पालथी करायचं यंत्र वीजकेंद्रावर असतं, दुसऱ्या मालाच्या गिऱ्हाइकाकडं नसतं.

उभी करताना काय करतात, तेही तुम्ही विचारलंत. आधी पोट साफ, झाकणं आणि खालची दारं बंद. मग ब्रेकची हवा सोडून हँडब्रेक हातानं आवळायचे, चाकांना अडणी लावायची, सायडिंगच्या तोंडाला डिरेल, म्हणजे सुटलेली वाघीण रुळावरून खाली उतरवणारा अडसर, लावून कुलूप घालायचं. हवेच्या ब्रेकवर विसंबायचं नाही, हवा हळूहळू गळतेच. ६ जुलै २०१३ ला कॅनडात लाक-मेगांतिकला तेच झालं: इंजिन बंद झालं, हवा गळली, हँडब्रेक पुरेसे नव्हते, आणि तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी उतारावरून गावात शिरली. ४७ माणसं गेली. पुढं २०१५ मध्ये टाक्यांचे नियम बदलले, आणि जुन्या टाक्या ठरलेल्या मुदतीत ज्वलनशील मालातून काढाव्या लागल्या. त्यातल्याही अनेक सायडिंगवर गेल्या.

बाहेर काढताना दुखणी दिसतात. ब्रेकची हवा नेणाऱ्या होजपाईपच्या जोडातले रबरी वायसर कडक होऊन गळतात. ब्रेकच्या चाचणीत मिनिटाला ५ पौंडांपेक्षा जास्त दाब उतरला तर गाडी हलत नाही. कुंभारमाशी ब्रेकच्या हवा सुटायच्या भोकात मातीचं घर करते. भोक बुजलं की लागलेला ब्रेक सुटत नाही. एखादा हँडब्रेक सोडायचा राहिला तर चाक फिरत नाही, घासत जातं. अडीच इंच सपाट झालं की ते चाक बाद. बेअरिंगचं मला जास्त भय वाटतं. वर्षानुवर्षं तेच रोलर त्याच जागी टेकून राहतात, ग्रीसमध्ये ओल शिरते, पोलादाला बारीक खड्डे पडतात. बाहेरून काही कळत नाही, आणि वेग घेतल्यावर बेअरिंग तापतं. टाकीची मुदतीची तपासणी चुकली असेल तर ती आधी करायची, भरायचं नंतर.

तुमचा शेवटचा प्रश्न, मोडीत कधी निघतात? १ जुलै १९७४ नंतर बांधलेल्या वाघिणीला ५० वर्षं, पुढं खास परवानगी लागते. अंगावर बांधणीचा महिना आणि वर्ष रंगवलेलं असतं. फोटोतल्या तपकिरी वाघिणीवर १९७८ आहे, म्हणजे तिला २०२८ पर्यंत मुभा. तोडताना चाकं, कपलर, ब्रेकचे व्हॉल्व्ह धडधाकट असतील तर आधी काढून दुसऱ्या वाघिणींना लावतात. बोगीच्या, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या गाड्याच्या, बाजूच्या फ्रेमा ओतीव पोलादाच्या असतात. त्यांत तडा दिसला तरच भट्टीत. पुढच्या खेपेला तोडणीचे फोटो पाठवतो.

आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू