हरलेल्या संघातल्या खेळाडूंची नावेही छापा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या ई-आवृत्तीत गेल्या आठवड्यात मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्याची बातमी वाचली. सामना अवघ्या एका गुणाने सुटला. बातमीत विजयी संघातल्या मुलींची नावे होती, बक्षीस समारंभाला आलेल्या मान्यवरांच्या नावांनी तर अर्धा परिच्छेद भरला होता. उपविजेत्यांच्या वाट्याला मात्र 'कडवी झुंज दिली' एवढेच आले. ती झुंज दिली कुणी, याचा पत्ता नाही. माझी भाची त्या संघात राखीव खेळाडू आहे. तिच्याकडून फोनवर कळले, की मध्यंतरानंतर त्यांच्या डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीने समोरच्या हुकमी चढाईपटूला पुन्हा पुन्हा जखडले आणि हातचा गेलेला सामना शेवटच्या मिनिटापर्यंत ओढून आणला. त्या मुलीच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अंक उघडून काय शोधले असेल, हे सांगायला नको.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात आले आणि इथलीच झाले. इथे कॉलेज फुटबॉलचे वेड आहे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा आणि समोरच्यांनी चेंडूवाल्याला आडवे पाडायचे. नेब्रास्का विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमवर १९६२पासून प्रत्येक घरच्या सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. अशा गावात हार किती झोंबते, ते मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच ५ डिसेंबर २००९च्या एका सामन्याबद्दल लिहिते.

टेक्सासमधल्या आर्लिंग्टन इथे 'बिग ट्वेल्व्ह' या विद्यापीठ संघांच्या गटाचा अंतिम सामना होता, नेब्रास्का विद्यापीठ विरुद्ध टेक्सास विद्यापीठ. टेक्सासचा संघ त्या मोसमात एकदाही हरलेला नव्हता. नेब्रास्काने गटाचे विजेतेपद १९९९नंतर पाहिले नव्हते. आमच्या संघाची चढाईची बाजू त्या रात्री पार लंगडी पडली. संपूर्ण सामन्यात जेमतेम १०६ यार्डांची मजल, टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणे, एकही नाही. अॅलेक्स हेनरीने पायाने चेंडू मारून खांबांमधून पार केलेले चार फील्ड गोल, प्रत्येकी तीन असे त्याचे बारा गुण, एवढीच शिदोरी. तरीही शेवटच्या क्षणी नेब्रास्का १२-१० असा पुढे होता, तो केवळ बचावाच्या जोरावर. आणि त्या बचावाच्या मधोमध उभा होता एन्डॉमकन सू.

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे जायचा ते ठरवणारा गडी. त्याच्या हातून चेंडू सुटण्याआधीच त्याला पाडले, तर त्याला सॅक म्हणतात. कबड्डीत चढाईवर आलेल्याला उलटे फिरूच न देणाऱ्या पकडीचे जे मोल, तेच इथे सॅकचे. टेक्सासचा कोल्ट मॅकॉय हा देशातल्या सर्वोत्तम क्वार्टरबॅकपैकी एक. त्याला त्या रात्री ९ वेळा असे पाडले गेले. त्यातले साडेचार सॅक एकट्या सूच्या नावावर आहेत. (दोघांनी मिळून पाडले तर अर्धा-अर्धा वाटून देतात, म्हणून हा अर्धा.) त्याला अडवायला दोन-दोन गडी अंगावर जात होते. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, आणि खेळातले फारसे न कळणाऱ्या माझ्या सासूबाईसुद्धा 'तो त्र्याण्णव नंबर कुठे आहे बघा' म्हणू लागल्या होत्या.

शेवट असा झाला. मॅकॉयने चेंडू सीमेबाहेर फेकला, घड्याळ शून्यावर आले, आमची मुले मैदानात धावली. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि घड्याळात एक सेकंद परत टाकला. त्या एका सेकंदात हंटर लॉरेन्सने ४६ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पार केला. टेक्सास १३, नेब्रास्का १२. आमच्या त्या दिवाणखान्यात बराच वेळ कुणी उठलेच नाही.

त्या शेवटच्या टप्प्यात आमच्या एका मुलाने मारलेला किकऑफ (गुण झाल्यावर चेंडू समोरच्यांकडे टोलवून खेळ पुन्हा सुरू करणे) सीमेबाहेर गेला होता, त्यामुळे टेक्सासला आयती चांगली जागा मिळाली. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. विशीतला विद्यार्थी होता तो. चूक नोंदवायला माझी हरकत नाही, ती नोंदवलीच पाहिजे. पण हरलेल्या संघातले जे एकच नाव लोकांच्या लक्षात राहते, ते बहुतेक वेळा चुकणाऱ्याचे असते. राबणाऱ्याचे नाव कुणीतरी मुद्दाम पुढे आणावे लागते.

इथे ते आणले गेले. दुसऱ्या दिवसापासून बोलणे दोनच गोष्टींचे होते, तो एक सेकंद आणि सू. 'पोरे छान खेळली हो' अशी पाठ थोपटणी नव्हती ती. कुठल्या वेळी त्याने मॅकॉयला कसे गाठले, हे लोक एकमेकांना सांगत होते. आठवडाभरात न्यूयॉर्कला हाइजमन करंडकाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूच्या बक्षिसाच्या, समारंभासाठी त्याला बोलावणे आले. हा करंडक जवळपास नेहमीच चेंडू घेऊन पळणाऱ्या किंवा फेकणाऱ्यालाच मिळतो; तो अलाबामाच्या मार्क इंग्रमला मिळाला आणि सू चौथा आला. माझ्या मते तो त्यालाच मिळायला हवा होता, आणि हे मत मी आजही बदललेले नाही. मात्र असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून सूलाच निवडले. बचावाच्या खेळाडूला तो मान तोपर्यंत कधीच मिळाला नव्हता. देशभरच्या क्रीडा पत्रकारांनी मते देताना शेवटचा सामना त्याचा संघ हरला होता, हे आड येऊ दिले नाही.

तेव्हा कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे खेळाच्या नियमांनुसार काही घेता येत नसे. स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा २०२१ साली आली. म्हणजे २००९च्या त्या मुलांची कमाई म्हणजे त्यांचे नाव. आपल्या जिल्ह्यातल्या कबड्डी, खो-खो, हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींची आजही तीच अवस्था आहे. वर्तमानपत्रातले कात्रण हेच त्यांचे प्रशस्तिपत्र. नोकरीच्या अर्जाला, खेळाडू कोट्याच्या फाइलला ते जोडले जाते.

सू पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. २०१० साली त्याने आपल्या विद्यापीठाला २६ लाख डॉलर दिले, त्यातले २० लाख खेळाडूंच्या व्यायामासाठी आणि ६ लाख अभियांत्रिकीच्या शिष्यवृत्तीसाठी. तो स्वतः बांधकाम व्यवस्थापन शिकला होता.

आमच्या स्टेडियमच्या भिंतीवर याच विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांनी लिहिलेली वाक्ये कोरलेली आहेत. विजय नव्हे तर कृती, गोल नव्हे तर खेळ, असा त्यातल्या एकाचा आशय आहे. इथले प्रेक्षक सामना संपल्यावर मैदान सोडणाऱ्या पाहुण्या संघालाही उभे राहून टाळ्या देतात, मग तो जिंकलेला असो वा हरलेला. मी स्वतः त्या टाळ्या वाजवल्या आहेत, आणि आमचा संघ हरल्यावर वाजवताना हात जड होतात, हेही खरे.

आपल्याकडे याची सोय आधीपासूनच आहे. आपल्या कबड्डी स्पर्धांत उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी वेगळी बक्षिसे असतात, आणि ती हरलेल्या संघाकडेही जातात. पण बातमीत ती असलीच तर शेवटच्या ओळीत असतात, आणि जागा कमी पडली की पहिली कात्री तिथेच लागते.

माझी विनंती एवढीच आहे. शाळा-कॉलेजच्या सामन्यांच्या बातमीत पराभूत संघातल्या निदान दोन खेळाडूंची नावे आणि त्यांनी नेमके काय केले, हे द्यावे. किती गुण, किती पकडी, कुठल्या वेळी. आपल्या वार्ताहरांनी सामना संपल्यावर गुणलेखकाकडची नोंद पाहिली तरी पुरे. जागेची अडचण असेल, तर बक्षीस समारंभाला उपस्थित असलेल्यांची यादी दोन ओळींनी कमी करावी.

आपली नियमित वाचक,
लिंकन, नेब्रास्का (मूळ गाव मिरज)