दोन ताटे, दोन पथ्ये

लीड्स, इंग्लंड
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी बाबांना किडनीच्या आजारामुळे प्रथिने कमी करायला सांगितल्यापासून घरात वरण शिजत नाही, आणि अण्णाकाकांना यकृताचा सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार) असल्यामुळे त्यांनाही तू तेच ताट वाढतेस, हे रविवारी फोनवर ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. येथे रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून मी रोज हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हे पत्र दोघांच्याही डॉक्टरांना दाखव आणि मगच बदल कर.

बाबांचे आधी सांगते. खाल्लेल्या प्रथिनांपासून शरीरात युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकण्याचे काम किडनीचे असते. ती थकली असताना तिच्यावरचा भार हलका करावा, एवढाच त्या सूचनेचा अर्थ आहे. बाबांसारख्या, मधुमेह नसलेल्या आणि डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीच्या वरणात सुमारे साडेसहा ग्रॅम, पेलाभर दुधात जवळजवळ तेवढीच, आणि चार पोळ्यांत मिळून बारा ग्रॅम प्रथिने असतात (पोळीतली प्रथिने आपल्याकडे कोणी मोजतच नाही). म्हणजे वाटीभर वरण त्यांच्या हिशेबात सहज बसते. तू डाळ आणि दूध काढून टाकलेस, पण त्यांच्या जागी काही वाढवले नाहीस, म्हणून दोन महिन्यांत त्यांचे चार किलो वजन उतरले. पोट अर्धे राहिले की शरीर स्वतःचेच स्नायू जाळते आणि त्यातूनही युरियाच तयार होतो. तेव्हा भात, तेल आणि तूप वाढताना हात आखडू नकोस. साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात, परंतु खिचडीत दाण्याचे कूट सढळ पडले की हिशेब बिघडतो. ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. ते बाबांना अजिबात देऊ नकोस.

काकांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. यकृत बिघडल्यावर प्रथिनांपासून तयार होणारा अमोनिया रक्तात साठतो आणि माणूस भ्रमिष्टासारखे वागू लागतो, म्हणून पूर्वी डॉक्टरच अशा रुग्णांची प्रथिने कमी करत असत. २००४ साली बार्सिलोनातील डॉक्टरांनी अशा रुग्णांना नेहमीइतकी प्रथिने देऊन पाहिली, तेव्हा त्यांचा भ्रम वाढला नाही. उलट प्रथिने कमी केलेल्या रुग्णांच्या शरीराची झीज अधिक झाली. स्नायूही अमोनिया शोषून घेतात, त्यामुळे ते टिकवणे हाच मोठा उपाय ठरतो. आता अशा रुग्णांना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवतात. काकांच्या ५५ किलो वजनाला ती ६६ ते ८२ ग्रॅम होतात. त्यांना वरण, दही, पनीर, मूग हे सर्व हवे, आणि झोपण्यापूर्वी दूध-पोळीसारखे काहीतरी पोटात जायलाच हवे, कारण रात्रभराचा उपाससुद्धा त्यांना सोसत नाही. त्यांची एकादशीवरची श्रद्धा मला ठाऊक आहे, पण निर्जळी उपास त्यांनी आता सोडावा. माझे नाव सांगून त्यांना तसे विनव.

बाबांचा शेवटचा क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल आणि दोघांची आजची वजने मला कळव. तोवर डाळ मोजायला एक छोटा काटा आणून ठेव.

तुझी लेक