‘पाह्यलंच त हाय, हात त नाई लावला’

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून अनेक वर्षे काम करून मी निवृत्त झाले. अहवाल द्यायला ज्या कार्यालयात जावे लागे, तेथील एक कर्मचारी दाराच्या चौकटीत असा उभा राही की आत जाणाऱ्या बाईला अंग चोरूनच जावे लागे. तो एक शब्द बोलत नसे. कागद हाती घेई आणि नजर मात्र बाईच्या छातीवर ठेवी. सेविकांनी आपल्यापुरता उपाय काढला होता: दोघींनी मिळून जायचे आणि पदर पुढून घ्यायचा. मी वरिष्ठांजवळ विषय काढला, तेव्हा ‘‘पाह्यलंच त हाय बाई, हात त नाई लावला,’’ असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची खंत आजही आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शारीरिक व शाब्दिक वर्तनाबरोबरच ‘अशाब्दिक’ नकोसे वर्तनही स्पष्टपणे धरलेले आहे. ही व्याख्या त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालात होती, आणि त्या निकालामागे राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी यांचे प्रकरण होते; बालविवाह रोखायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता. त्याही आमच्या सेविकांसारख्याच गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, म्हणून हा कायदा शहरी कचेऱ्यांचा आहे असे कोणी म्हटले की मला नवल वाटते.

अडचण अशी की न बोललेली गोष्ट तक्रारीत मांडायची कशी? ‘तो वाईट नजरेने पाहतो’ एवढेच लिहिले तर समोरचा ‘माझी नजरच तशी’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे घडले ते जसेच्या तसे टिपून ठेवावे: तारीख, वेळ, तो कुठे उभा होता, मोबाइलचा पडदा कुणाकडे वळवून काय दाखवले, शिट्टी किंवा हातवारे केले का, त्या वेळी आणखी कोण हजर होते. एका नोंदीवरून जे सिद्ध होणार नाही, ते महिनाभराच्या नोंदींवरून दिसू लागते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असली तरी असे प्रकार वारंवार घडत असतील तर ती शेवटच्या प्रसंगापासून मोजतात, आणि सबळ कारण असल्यास तक्रार ऐकणारी समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. प्रत्येक ओझरती नजर म्हणजे छळ नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण बाई अवघडते आहे हे दिसत असूनही जो थांबत नाही, त्याला संशयाचा फायदा किती द्यायचा? शेजारी बसलेल्या पुरुष सहकाऱ्याने ‘‘साहेब, काही काम होतं का?’’ एवढे मोठ्याने विचारले तरी पुष्कळदा काम भागते. आमच्याकडे तेवढेही कोणी विचारले नाही.

दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवीच, मग ते सरकारी कार्यालय असो की कापसातून सरकी काढणारी जिनिंग. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात समन्वय अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. बाईला लिहिता येत नसेल तर लेखी तक्रारीसाठी समितीने मदत करायची असते. गावात मात्र चार मंडळी आधी ‘आपसात मिटवा’ म्हणत घरी येतात. समेट फक्त बाईने स्वतः मागितला तरच करता येतो आणि तो पैशांच्या बोलीवर होऊ शकत नाही, हे त्या मंडळींनाही कोणीतरी सांगायला हवे.

माझ्या ओळखीतल्या एकाही सेविकेला आपल्या तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचे नाव सांगता आले नाही. ते नाव व दूरध्वनी क्रमांक पंचायत समिती, तहसील आणि प्रत्येक जिनिंगच्या फाटकावर मराठीत, ठळक अक्षरांत लावावा, एवढीच जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की बाहेरगावच्या बायाही जिनिंगवर कामाला येतात. पाटी त्याआधी लागावी.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, जि. वर्धा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)