नागफणीवर सरसकट बंदी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोरघाटातून जाताना खंडाळ्याजवळ जो उभा कातळकडा नजरेत भरतो, त्याला कुरवंड्याचे ग्रामस्थ नागफणी म्हणतात. पर्यटक त्याला ‘ड्यूक्स नोज’ म्हणून ओळखतात. हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टनचा ड्यूक आर्थर वेलस्ली, ज्याच्या बाकदार नाकावर त्याच्या हयातीतच व्यंगचित्रकारांनी मनसोक्त हात साफ करून घेतला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले तेव्हा तो नुसता मेजर जनरल होता. ड्यूक ही पदवी त्याला १८१४ मध्ये मिळाली, त्यामुळे कड्याचे इंग्रजी नाव त्याआधीचे असू शकत नाही. याच परिसरातल्या कुरवंडे घाटाने १६६१ च्या फेब्रुवारीत मुघल सरदार कारतलबखान खाली उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याची वाट अडवली, हे मात्र ‘ड्यूक्स नोज’ पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ड्यूकचे नाव पुसून टाकावे असे मी म्हणत नाही. पाटीवर नागफणी आधी असावे, इतकेच.

पत्र लिहिण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर लोणावळा परिसरातील पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश निघाले, आणि ते काढणे आवश्यकच होते. पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या कातळावर कोणताही जाणता प्रस्तरारोहक दोर लावत नाही. तेव्हा पावसाळी मनाईने आमचे काहीही बिघडत नाही. अडचण आहे ती नागफणी ही एकच जागा समजण्याची. कुरवंड्याच्या बाजूने माथ्यावरच्या महादेवाच्या मंदिरापर्यंत जाणारी पायवाट वेगळी आणि दरीकडचा सरळसोट कडा वेगळा. पायवाटेवर धोका असतो तो धुक्याचा, वाऱ्याचा आणि छायाचित्रासाठी टोकाशी जाणाऱ्या हौशी पावलांचा. कड्यावर तो असतो सुट्या दगडांचा, आग्या मोहोळाचा आणि दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेल्या, आता गंजलेल्या खिळ्यांचा. एकाच आदेशात दोन्ही बसवले, की उत्साही गर्दी आडवाटेने वर पोहोचतेच आणि रीतसर परवानगी मागणारा तेवढा परत फिरतो.

खिळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. सह्याद्रीच्या पावसात लोखंड किती काळ तग धरते हे आम्हा जुन्या मंडळींना अनुभवाने माहीत आहे. परंतु कड्यावरचा कोणता खिळा कोणी, केव्हा ठोकला आणि शेवटचा कधी तपासला, याची नोंद दोर बांधणाऱ्याला जागेवर मिळत नाही. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका रविवारी एका आयोजकाने नवशिक्यांचा मोठा गट एकाच आधारावर, दुसरा राखीव दोर न लावता, रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून कडा उतरण्यासाठी, खाली सोडताना मी स्वतः पाहिला. हटकल्यावर मिळालेले उत्तर इथे छापण्याजोगे नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे, पण ती नोंदणी कड्याच्या माथ्यावर तपासणार कोण?

म्हणून विनंती अशी, की दरवर्षी पावसाळा सरल्यावर अनुभवी गिर्यारोहण संस्थांकडून कड्यावरचे सर्व आधार तपासून घ्यावेत, त्याची नोंदवही कुरवंडे ग्रामपंचायतीत ठेवावी आणि चढाईला येणाऱ्या प्रत्येक गटाने तिथे नावे लिहून, माफक शुल्क भरून मगच पुढे जावे. त्या शुल्कातून गावातल्याच तरुणांना बचावकार्याचे प्रशिक्षण देता येईल. कारण अपघात झाला की सर्वांत आधी धावून जातात ते हेच तरुण. लोणावळ्याहून कुरवंड्याला येणारा रस्ता आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राजवळून जातो, तेव्हा वाहने कुठे उभी करावीत आणि छायाचित्रण कुठे टाळावे, याच्या सूचनाही त्याच नोंदवहीपाशी लावता येतील.

आपला,
एक जुना प्रस्तरारोहक, पुणे