यंत्राच्या स्टँडला चाके लावण्यापूर्वी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी साखळीजवळच्या एका गावात सुतारकाम करतो. वडिलांच्या वेळेपासून आमचे दुकान घराच्या पडवीतच आहे. अलीकडे आमच्या भागातल्या बऱ्याच सुतारांकडे हातरंध्यासोबत छोटी यंत्रे आली आहेत. काहींनी पदरमोड करून घेतली. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही सुतारांसह अठरा व्यवसायांच्या कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. यंत्र आले, पण जागा पडवीचीच. मग जो तो यंत्राच्या स्टँडला चाके लावून घेतो. त्या चाकांविषयीच मला लिहायचे आहे, कारण अशाच चाकांपायी माझ्या पुतण्याचा पाय मोडला.

पडवीत काम करणाऱ्याला यंत्र हलवल्याशिवाय गत्यंतर नसते. पावसात वारा फिरला की झड थेट आत येते आणि रंध्याच्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस गंज धरतो. चवथीला तर अख्खी पडवी रिकामी करून द्यावी लागते. मुंबई-पुण्याकडची घरची माणसे येतात, दर्शनाला वाडा लोटतो. आणि त्याच्या आधीचे पंधरा दिवस चौरंग, पाट, मखरांच्या कामाने आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. म्हणजे यंत्र शेवटच्या दिवसापर्यंत चालायला हवे आणि त्याच संध्याकाळी आतल्या खोलीत जायला हवे.

चार वर्षांपूर्वी चवथीच्या दोन दिवस आधी हेच करत होतो. फळीची जाडी काढायचे ३८ किलोचे रंधा मशीन, खाली अँगलचे २२ किलोचे स्टँड आणि त्याला चारही बाजूंना फिरती दोन इंची चाके. ती मीच आणली होती, मीच स्क्रूने बसवली होती. पडवीचा कोबा संपून आतली फरशी सुरू होते तिथे बोटभर फट आहे. पुढचे चाक त्या फटीत बसले आणि जागच्या जागी आडवे फिरले. वरचे वजन पुढे गेले. पुतण्याने यंत्र वाचवायला पाय पुढे घातला. पावलाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. त्या चवथीत पोराने आरती खुर्चीवर बसून म्हटली. स्टँड उचलून पाहिले तर एका चाकाचा दांडा वाकलेला आणि दोन स्क्रू मुळासकट उपटलेले.

तेव्हापासून मी दुकानात चाक मागताना आधी वजन सांगतो. आपल्याकडे ‘दोन इंची की तीन इंची’ एवढेच विचारतात. हिशेब साधा आहे. माझे यंत्र आणि स्टँड मिळून ६० किलो. चार चाके म्हणून चाराने भागायचे नाही, तिनाने भागायचे. जमीन कधीच सपाट नसते, एखादे चाक अधांतरी राहतेच. घरी खात्री करून घ्यायची असेल तर वर्तमानपत्राची पट्टी एकेका चाकाखालून ओढून पाहा. जिथून ती सहज निघून येते, त्या चाकावर भार नाही. तिनाने भागून २० किलो आले, पण फटीत आदळताना धक्का बसतो म्हणून मी दुप्पट धरतो. दर चाकाला निदान ४० किलो.

चाकही मोठे हवे. दोन इंची चाक ज्या फटीत रुतते, तिच्यावरून चार इंची अलगद निघून जाते. मात्र त्याने स्टँड पाच इंच उंच होते आणि उंची वाढली की कलंडायची भीतीही वाढते. म्हणून मी पाय तेवढेच कापले आणि खालच्या फळीवर शिकंजे व लोखंडी सामान ठेवून वजन खाली आणले. एका टोकाला दोन सरळ चाके, दुसऱ्या टोकाला दोन फिरती. फिरते चाक आत वळले की टेकू आत सरकतो आणि स्टँडची बैठक अरुंद होते. यासाठी त्यांच्या पट्ट्या पायांच्या बाहेर काढलेल्या अँगलवर बसवल्या, त्याही आरपार बोल्ट आणि लॉकनट घालून. वेल्डिंग करू नये, उष्णतेने आतले ग्रीस जळते आणि चाक वळेनासे होते.

ब्रेकच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. साधा ब्रेक चाक थांबवतो, पण चाकाची मान मोकळीच राहते. फळी रेटली की यंत्र डुलते. मान आणि चाक दोन्ही पकडणारा ब्रेक घ्यावा. मी तर त्यावरही विसंबत नाही. काम सुरू करण्यापूर्वी स्टँडच्या कोपऱ्यांतले चार उभे बोल्ट फिरवून जमिनीला टेकवतो आणि चाके उचलून धरतो. चाकांवर उभे असलेले यंत्र मी सुरू करत नाही. वायर आधी काढायची, गुंडाळायची, मगच स्टँड ढकलायचे, हेही ओघाने आलेच. ओल्या जमिनीवर चाकाखाली चिरडलेली वायर म्हणजे जिवाशी खेळ.

हे कळायला मला पोराचा पाय मोडावा लागला, याची खंत आजही आहे. म्हणून दोन विनंत्या करतो. हार्डवेअरच्या दुकानदारांनी सुटी चाके विकताना प्रत्येक चाक किती किलो पेलते हे लिहून ठेवावे. खोक्यावर ते असेल तर गिऱ्हाइकाला दाखवावे. आणि कारागिरांच्या प्रशिक्षणात, आयटीआयमध्ये, यंत्र चालवायला शिकवताना ते हलवायचे कसे यासाठीही एक तास काढावा. बोलावल्यास माझे वाकलेले चाक घेऊन मी स्वखर्चाने येईन. ते मी टाकलेले नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडतो तेव्हा तेही रंध्याशेजारी ठेवतो आणि पुतण्या न सांगता त्यालाही फूल वाहतो.

आपला,
एक सुतार, साखळी, गोवा