दक्षिण वरती

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्री

शमे,

आठ महिन्यांत चार ओळी नाहीत, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे. माझा गुडघा तसाच, ह्यांची साखर तशीच. पुढे.

कादंबरी संपली! तीच, अलकापुरीतल्या बंगल्यातून पाचूंचा हार नाहीसा होतो ती. खून नाही, तू नाक मुरडशीलच. काल भिशीत दोन प्रकरणं वाचली आणि पायावर धोंडा पाडून घेतला. दिवाणखान्यात तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, एवढं वाचलं मात्र, वहिनीसाहेबांची कपबशी खणकली. "आमच्याकडे आलात तेव्हा नीट बघून ठेवलंत हो!" अगं, तो बेडूक निम्म्या बडोद्यात आहे. पुढची भिशी त्यांच्याकडेच. लिलो चेवडा तरी मिळतोय का बघू.

फेंगशुईवाला मात्र झकास उतरलाय. पार्टीत तो लक्ष्मीविलास दाखवून बायकांना घाबरवतो: मेजर मँटनं आराखडा केला, पण आपलं गणित चुकलं, वाडा कोसळणार, या धास्तीनं वेडा होऊन 1881 साली गेला म्हणतात, पुढे चिझमनं तो 1890 मध्ये पुरा केला. वाडा अजून उभा आहे, हे सांगत नाही लबाड. हाँगकाँगात म्हणे एका बँकेच्या धारदार कडांवर शेजारच्या बँकेनं छपरावरून तोफांसारखे सांगाडे रोखलेत. आपण लिंबू-मिरचीवर भागवतो.

उलगडा तुझ्याकडून ढापलाय. पावागडाला तू नकाशा उलटा धरलास आणि आपण माचीऐवजी बाभळीत शिरलो (तूच धरलास, 1983 पासून सांगतेय). फेंगशुईच्या तक्त्यात दक्षिण वर असते. तो बंगल्याचा नकाशा तसाच काढतो आणि हार ठेवायचा त्या जागी, वर उजवीकडे, लाल खूण करतो. सून उत्तर वर समजून हार ईशान्येला, देवघरात ठेवते. तिथून तो गायब. सापडतो नैऋत्येला, सासूबाईंच्या शिसवी कपाटात. नकाशा नीट वाचणाऱ्या घरात त्या एकट्याच. खुणेच्या जागी हार ठेवला आणि गप्प बसल्या, कारण सुनेनं कारंज्यासाठी अंगणातली तुळस उपटली होती.

शमे, कळलं ना? त्या सासूबाई माई आहेत. कमरेच्या किल्ल्या, तपकिरीची डबी, "दक्षिणेकडे पाय करून झोपू नका गं" सुद्धा. लिहिताना कळलं नाही, प्रुफं वाचताना एकदम घाम फुटला. तुळशीच्या वेळी मी तुझ्या वहिनीची बाजू घेतली होती. "एका कुंडीसाठी काय एवढं," असंच म्हणाले होते ना? तू वर्षभर बोलली नाहीस.

नव्या घरात लावलंस का सगळं? सुनेचं बाळंतपण कुठे, तिकडेच? पिल्लूला सांग, मावशीची साडी तयार आहे.

माई अजून भिंग घेऊन सगळं वाचतात का गं? चौदावं प्रकरण सोबत आहे. आधी तू वाच. त्यांना दाखवायचं की नाही, तू ठरव. नको म्हणालीस तर सासूबाईंची आत्याबाई करीन, किल्ल्या काढीन, तपकीर काढीन. तुळस मात्र काढवत नाही.

तुझी,
कुमी