पत्रा, कौले की स्लॅब?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वादळात छपरे उडालेल्या घरांवर आता पत्रा घालावा, कौले घालावीत की सरळ स्लॅब टाकावा, असे तू विचारले आहेस. काहीही मागवण्याआधी ढिगाऱ्यातला पत्र्याचा एक तुकडा उचल आणि त्याची भोके नीट पाहा. मी एकदा असाच पाहत होतो, तेव्हा खिळा वाशात घट्ट रुतलेला होता आणि पत्रा मात्र त्याच्या डोक्याभोवती चांदणीसारखा फाटून निघून गेला होता. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आले, त्यानंतरच्या तपासणीतही हेच आढळले: वाऱ्याच्या एकसारख्या हिसक्यांनी पातळ पत्र्याला जोडापाशी तडे जातात, आणि एक पत्रा सुटला की आत शिरलेला वारा उरलेले छप्पर खालून उचलतो.

म्हणून पत्रा घेतलास तर निदान अर्ध्या मिलिमीटर जाडीचा घे. गेजचा, म्हणजे पत्र्याची जाडी सांगणारा, आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे लक्षात असू दे; इथे भलेभले फसतात. स्क्रू रबरी वायसरसह पन्हळीच्या उंचवट्यावर मारावेत, आणि आढे, वळचण व कडा या ठिकाणी ते जवळजवळ असावेत, कारण वाऱ्याची ओढ तिथेच सर्वांत जास्त असते. वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले नसतील, तर मात्र पत्रा वाशांसकट जाईल. उतार तीस अंशांच्या आसपास ठेव. छप्पर फार सपाट असले की वारा ते वर ओढतो. ओसरीचे छप्पर वेगळे बांध, म्हणजे ते गेले तरी घराचे राहील.

वजनाचा हिशेब निराळा. एका चौरस मीटरला पत्रा पाचेक किलो, कौले चाळीसच्या आसपास आणि दहा सेंटीमीटरचा स्लॅब अडीचशे किलो भरतो. स्लॅब वाऱ्याला दाद देत नाही हे खरे, परंतु भूकंपात छप्पर जितके जड तितका भिंतींवर येणारा हिसका मोठा, आणि तुझ्याकडच्या भिंती तर आधीच हादरलेल्या आहेत. कौले दिसायला सुरेख, घरही गार ठेवतात. पण नुसती रिपांवर टेकवलेली कौले वादळात दगडांसारखी भिरकावली जातात, त्यामुळे ती तारेने बांधायची तयारी असेल तरच तो विचार कर. पत्र्याखाली उकडते आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही, हे मान्य. त्यावर खाली छत घालणे हा उपाय आहे.

फुटलेले जुने सिमेंटचे पत्रे मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी पुन्हा वापरू नकोस. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, आणि ते कापताना उडणारे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो. तोडफोड न करता, पाणी मारून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ते वेगळे ठेवायला सांग.

किती घरांच्या भिंती तडकल्या आहेत आणि तडे कोपऱ्यात आहेत की मध्ये, ते कळव. स्लॅबचे त्यानंतर बोलू.

तुझाच,
मित्र